सोलापुरात समुद्री मासा पाळायचा तर : मून रॅस, मिठाचं पाणी आणि मे महिना

मून रॅस या समुद्री माशाचा फोटो बघून मला फोन करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "काका, जोडी केवढ्याला पडते?" मी उलट विचारतो, "तुमच्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी येतं, आणि टाकी ज्या भिंतीला लावणार ती कुठल्या दिशेची?" समोरचा गोंधळतो. त्याला माशाचा भाव हवा असतो आणि मी प्लंबर-गवंड्याचे प्रश्न विचारत बसतो.

फ्रीज, कूलर, एसी दुरुस्त करणं हे माझं काम. समुद्री माशांचा नाद नंतर लागला, पण खरं सांगायचं तर धंद्यातलं ज्ञान माशांच्या पुस्तकी ज्ञानापेक्षा जास्त कामाला आलं. मून रॅस तसा दणकट मासा आहे. मुंबईत तो कुणीही पाळेल. सोलापुरात तो मरतो तो मेमधल्या पाण्यानं आणि आटलेल्या टाकीनं. म्हणून हे सगळं त्याच क्रमानं लिहितोय : आधी जागा, मग पाणी, मग उन्हाळा, आणि मासा सगळ्यात शेवटी.

तरी मासा कसला आहे ते थोडक्यात सांगतो, नाहीतर एवढी उस्तवार कशासाठी ते कळणार नाही. शास्त्रीय नाव थॅलॅसोमा लुनारे. लिनेयसनं १७५८ मध्ये नोंदवलेला. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकपर्यंत खडकाळ आणि प्रवाळाच्या उथळ पाण्यात राहतो, साधारण एक ते वीस मीटर खोलीत. आपल्या देशात लक्षद्वीप, मन्नारचं आखात, अंदमान इथं आहे. अंग हिरवं-निळं, प्रत्येक खवल्यावर उभी बारीक तांबूस रेघ, डोक्यावर गुलाबी-जांभळे नागमोडी पट्टे आणि शेपटीच्या मधोमध पिवळी चंद्रकोर. पोहताना शेपूट फारशी वापरत नाही. छातीवरचे दोन पर पक्ष्याच्या पंखांसारखे खालीवर मारत जातो, आणि त्या गुलाबी परांच्या निळ्या कडा उजेडात चमकतात. दिवसभर एका जागी थांबत नाही. दिवा मालवला की दगडाच्या कपारीत शिरून आडवातिडवा पडतो; पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, गेला!

लहान पिल्लू घेतलं तर पाठीवरच्या परात मधोमध एक काळा ठिपका आणि शेपटीच्या मुळाशी मोठा काळा डाग दिसतो. वाढेल तसे दोन्ही जातात. पूर्ण वाढला की पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे चांगला वीतभर. जोडीचं म्हणाल तर ती मागूच नका. या जातीत कळपातली मोठी मादी पुढं नर होते. तुम्ही आणलेली दोन पिल्लं लहान टाकीत वाढली की एक दुसऱ्याच्या मागं लागतो आणि दुसऱ्याला पळायला जागा नसते. एकच आणा.

जागा

एवढ्या फिरत्या माशाला टाकी लांब हवी. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, काच बारा मिलिमीटरची. कागदावर ती ६८० लिटरची होते. वरची मोकळी जागा आणि दगड वजा जाता आत पाणी साडेपाचशे लिटरच्या आसपास. चार फुटी टाकीत पिल्लू वर्षभर काढेल, पण नंतर टाकी बदलायचा खर्च दुप्पट पडतो.

वजन मोजा. पाणी, काच, दगड, लोखंडी स्टँड मिळून सातशे-आठशे किलो सहज. जुन्या धाब्याच्या घरात वरच्या मजल्यावर हा विचारसुद्धा नको. तळमजला, खाली शहाबादी फरशी असेल तर फरशीखाली पोकळ आवाज येतो का ते आधी ठोकून बघा. पोकळ फरशी स्टँडच्या पायाखाली तडकते. स्टँडच्या चारही पायांखाली लोखंडी पट्टी टाका, म्हणजे वजन पसरेल.

आणि ती भिंत. एप्रिलमध्ये रात्री दहा वाजता घरातल्या पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून बघा. दिवसभर प्यालेलं ऊन ती तेव्हा ओकत असते. तिथं टाकी नको. वर स्लॅब आणि त्याच्यावर थेट ऊन असलेल्या खोलीतही नको. उत्तरेची भिंत, वर दुसरा मजला, जवळ खिडकी, ही सगळ्यात चांगली जागा. खिडकी कशाला ते पुढं येईल.

पाणी

समुद्राचं पाणी गाडीत भरून आणायचा सल्ला काही जण देतात. चारशे किलोमीटरवरून टाकीभर पाणी आणायचं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बदलायला लागणार, तेव्हा काय करायचं? घरी बनवायचं. त्याला दोन गोष्टी लागतात : जवळजवळ शून्य टीडीएसचं (म्हणजे विरघळलेले क्षार नसलेलं) आरओचं पाणी आणि ॲक्वेरियमसाठी मिळणारं समुद्री मीठ.

किराणा दुकानातलं खडेमीठ स्वस्त असलं तरी घेऊ नका. मिठागरात मीठ धरताना सोडियम क्लोराइड आधी खाली बसतं आणि मॅग्नेशियम वगैरे वरच्या कडू पाण्याबरोबर निघून जातं. समुद्राच्या क्षारांत सल्फेट पावणेआठ टक्के, मॅग्नेशियम पावणेचार टक्के आणि थोडं कॅल्शियम, पोटॅशियम असतं. ते सगळं माशाला लागतं. लिटरमागं पस्तीस ग्रॅम धरा. पहिल्या भरणीला सुमारे वीस किलो लागेल. मिठाची बादली घट्ट झाका, पावसाळ्यात ओल धरून त्याचा धोंडा होतो आणि मग वजनाचा हिशेब चुकतो.

आरओबद्दल एक बारकावा. घरातल्या पिण्याच्या मशिनमध्ये चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो कच्चं पाणी थोडं थोडं शुद्ध पाण्यात मिसळत राहतो. शिवाय पुढं मिनरलचं कार्ट्रिज असतं. टाकीसाठी पाणी काढायचं ते मेम्ब्रेनमधून (क्षार अडवणाऱ्या पडद्यातून) थेट, या दोन्हीच्या आधी टी जोडून. मीटर लावून बघा, आकडा दहाच्या खाली हवा. आपल्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड असतं की मेम्ब्रेन लवकर बसतं. नळाचं पाणी मिळेल तेव्हा तेच वापरा. एक लिटर चांगल्या पाण्यामागं तीन-चार लिटर पाणी मशिन बाहेर टाकतं. ते मोरीत सोडू नका. आमच्याकडं त्याच्यावर फरशी पुसली जाते, गाडी धुतली जाते. शेजारच्या अक्का तर रांगोळीआधी सडा टाकायला बादली घेऊन येतात.

सोलापुरात नळ काही दिवसांच्या खंडानं येतो हे गृहीत धरूनच साठा ठेवायचा. माझ्याकडं दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम आहेत : एकात साधं आरओचं पाणी, दुसऱ्यात मीठ कालवलेलं. मीठ कालवल्यावर आत लहान पंप सोडून एक दिवस फिरू द्या, मगच वापरा. ताजं कालवलेलं पाणी नितळ दिसलं तरी मीठ पूर्ण विरघळलेलं नसतं, आणि पाण्याची घनता मोजणारा हायड्रोमीटर खोटा आकडा दाखवतो. घनता १.०२५ धरा. काट्याच्या हायड्रोमीटरपेक्षा भिंगातून बघून घनता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा वर चढतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच नवीन माणसाला पटायला वेळ लागतो. टाकीतून पाणी उडतं, मीठ उडत नाही. पातळी खाली गेली की भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची, मिठाच्या पाण्याची नाही. मेमध्ये माझ्या टाकीतून दिवसाला आठ-दहा लिटर उडतं. चार दिवस भर घातली नाही तर १.०२५ चं १.०२७ होतं. पुन्हा भर घातली की झटक्यात खाली. एका बाजूला आकडा थोडा जास्त राहिला तर मासा सोसतो, हे असं खालीवर झालं की खाणं सोडतो. काचेवर मार्करनं पातळीची रेघ मारा आणि रोज सकाळी तिथपर्यंत आणा.

उन्हाळा

मून रॅसला २४ ते २८ अंश हवे. सोलापूरचा मे ४२-४३ चा. खोली ३६-३७ ला बसते, वर पंप आणि दिवा स्वतःची उष्णता पाण्यात सोडतात. नुसतं तापमानच घातक असं नाही, पाण्यात प्राणवायू मावत नाही. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागं सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, समुद्राच्या पाण्यात मुळातच पावणेसात. ३२ अंशांवर सहापर्यंत उतरतो. त्याच वेळी गरम पाण्यातल्या माशाला प्राणवायू जास्त लागतो. म्हणून तो पृष्ठभागाजवळ येऊन तोंड मारायला लागतो.

यावर आपल्याकडं एक फुकटची सोय आहे : कोरडी हवा. कूलर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर टाकी गार होते. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा सोडणारे दोन-तीन बारा व्होल्टचे छोटे पंखे लावा, वर जाळी असू द्या. हिशेब सोपा आहे : एक लिटर पाणी उडालं की साडेपाचशे लिटरची टाकी जवळपास एक अंश उतरते. खोली पुन्हा तापवत असते, म्हणून दिवसभर उडत राहायला लागतं, आणि म्हणूनच ते आठ-दहा लिटर. खिडकी इथं कामाला येते. बंद खोलीत उडालेलं पाणी हवेतच साठतं, हवा दमट होते आणि पंखा नुसता फिरतो. त्याच खोलीत घरचा कूलर लावलात तर टाकीच्या पंख्याचा उपयोग जवळजवळ संपतो. लोकांना वाटतं, कूलरनं टाकीही गार होईल. खोली होते, पण दमट हवेत टाकीचं पाणी उडेनासं होतं. जुलै-ऑगस्टमध्येही पंख्याचा असर कमी, पण तेव्हा ऊनही तेवढं नसतं.

पंख्यांनी मी एप्रिल काढतो. मेला चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, लागतो, त्यात काटकसर करू नका. दुकानदार टाकीच्या लिटरवरून चिलरचा आकार सांगतो, पण तो हिशेब गार खोलीचा असतो. बाहेर बेचाळीस अंश असताना त्याच्या कंडेन्सरला, म्हणजे उष्णता बाहेर सोडणाऱ्या भागाला, ती टाकायलाच जागा नसते. एक माप मोठा घ्या. तो खोलीत ठेवू नका. पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडणार आणि खोली ती पुन्हा पाण्याला देणार, नुसतं बिल वाढेल. व्हरांड्यात सावलीला ठेवून पाइप आत घ्या, पाइपवर एसीचं काळं इन्सुलेशन चढवा. शहराच्या पूर्व भागात राहत असाल तर यंत्रमागांच्या सुताची धूळ कंडेन्सरच्या पत्र्यांत नमद्यासारखी बसते. महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशनं झाडा. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

माझ्या धंद्यातली पोरं एक जुगाड करतात : जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर, तांब्याची कॉइल, ती सरळ टाकीत. गोड्या पाण्यात कदाचित चालेल. खाऱ्या पाण्यात तांबं खाल्लं जातं आणि विरघळलेलं तांबं माशाला हळूहळू आणि शिंपले-खेकड्यांना लगेच मारतं. कॉइल टायटॅनियमचीच हवी. वाटत असेल आपण हुशारी करतोय, तर करू नका.

बर्फाच्या बाटल्या सोडण्याबद्दल विचारतात. लाइट गेली आणि दुसरा इलाजच नसला तर बंद बाटली सोडा, एका वेळी एक. दोन अंशांपेक्षा जास्त एकदम उतरवू नका.

विजेचं मीठ-पाण्याशी वाकडं आहे, तेही सांगून टाकतो. टाकीच्या कडांवर, वायरींवर मिठाची पांढरी साय चढत जाते. ओल्या कपड्यानं आठवड्याला पुसा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबकळून मग वर जाईल अशी सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली पडेल. या सर्किटला वेगळा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. घरात हा एक खर्च टाळलेला मी सहन करत नाही.

दगड आणि मुरवणं

रॅसला लपायला कपारी हव्यात, म्हणून दगड भरपूर. पण किनाऱ्यावरून आणलेलं प्रवाळ किंवा कुणी "जिवंत दगड" म्हणून चोरून विकत असेल तर हात लावू नका. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाला जे संरक्षण तेच त्याला. बाजारात भट्टीत भाजलेले, सच्छिद्र सिरॅमिकचे दगड मिळतात, ते बस्स. आपला काळा दगड चालतो, पण त्याच्यात छिद्रं नसल्यानं जंतूंना घर मिळत नाही. दगड आधी तळाच्या काचेवर बसवा, मग वाळू. हा मासा दगडाखालची वाळू उकरतो आणि वाळूवर ठेवलेला दगड काचेवर पडतो.

मग टाकी मुरू द्या. जुन्या पायमोज्यात एक कोळंबी बांधून सोडा. ती कुजून अमोनिया तयार होतो, जंतू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. टेस्ट किटवर आधी अमोनिया चढतो, उतरतो, मग नायट्राइट चढतं, उतरतं. दोन्ही शून्य झाले की टाकी तयार. चार ते सहा आठवडे लागतात, घाई चालत नाही. समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि त्या पीएचला अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी विषारी असतो. गोड्या पाण्यात गोल्डफिश जगला म्हणजे इथं रॅस जगेल असं नाही.

सोलापूरचं कॅलेंडर यावर चपखल बसतं. काच आणि स्टँड गणपतीच्या आधी, नवरात्रात टाकी मुरायला, मासा दिवाळीनंतर. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत तो रुळतो आणि मे यायच्या आत तुमचा हात बसलेला असतो. थंडीत पहाटे पारा १३-१४ पर्यंत उतरतो, तेव्हा हीटर मात्र लावा. फेब्रुवारीनंतर नवीन मासा मागवूच नका.

मासा आणताना

मुंबईहून एखादा माहितीतला माणूस रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं येणार असेल तर त्याच्या हाती थर्माकोलचा खोका द्यायला सांगा. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू. दुकानात निघण्याआधी मासा खाताना बघितला का, हे विचारा, व्हिडिओ मागा. पोट आत गेलेला, कानशिलाजवळ चिमटलेला मासा घेऊ नका.

घरी आल्यावर खोली अंधारी करा, पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं तरंगवा. मग उघडा आणि उशीर करू नका. रात्रभराच्या प्रवासात पिशवीत अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही साठलेले असतात. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोपर्यंत निरुपद्रवी असलेला अमोनिया एकदम विषारी होतो. दोन दोन तास थेंब थेंब पाणी सोडत बसायची पद्धत लांबच्या प्रवासातून आलेल्या माशाला घातक ठरते. त्यापेक्षा दुकानदाराला त्याच्या पाण्याची घनता आधीच विचारा, आपल्या वेगळ्या टाकीचं पाणी तेवढंच करा, आणि मासा हातजाळीनं उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका.

वेगळी टाकी म्हणजे दोन फुटी, साधी, आत पीव्हीसीचे एल्बो लपायला आणि एका डब्यात वाळू. घाबरलेला रॅस वाळूत डोकं घालतो. महिनाभर तिथं ठेवा. अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके आले तर तो क्रिप्टोकॅरिऑन परजीवी. तांब्याचं औषध याच टाकीत द्यायचं, मोठ्या टाकीत कधीच नाही. पहिले दोन-तीन दिवस मासा दिसलाच नाही तरी दगड हलवून शोधू नका.

खाणं, शेजारी आणि झाकण

समुद्रात हा खेकडे, कोळंबी, इतर माशांची अंडी असं खातो. आपल्याकडं बाजारात बर्फातली कोळंबी येते, ती पाव किलो आणा. साल काढून गार पाण्यात धुवा, बारीक चिरा, पातळ थर करून पिशवीत गोठवा आणि रोज एक तुकडा मोडून घ्या. मीठ-हळद लावलेली नको. बदल म्हणून शिंपल्यांचं मांस, मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव). उजनीची चिलापी स्वस्त पडते म्हणून तिच्यावरच ठेवू नका. गोड्या पाण्यातल्या माशाची चरबी समुद्री माशाला दीर्घकाळ मानवत नाही. दिवसातून दोनदा थोडं थोडं. चिमटीतला तुकडा पाण्याला टेकायच्या आत तो काचेपाशी आलेला असतो, एक डोळा तुमच्यावर, एक तुकड्यावर. मोठा तुकडा मिळाला तर तो तोंडात धरून दगडावर आपटतो आणि फोडून खातो. हे बघायला आमच्याकडं संध्याकाळी गल्लीतली पोरं जमतात, आणि त्यांच्यातलं एक दर वेळी विचारतं, "काका, हा खायला कसा लागतो?"

शेजारी निवडताना लक्षात ठेवा : तोंडात मावेल ते अन्न. शोभेची कोळंबी, छोटे गोबी मासे, गोगलगायी, सगळं जाईल. आकाराने तोडीचे आणि हुशार मासे चालतात, पण ते आधी सोडा, रॅस शेवटी. नाहीतर तो सगळी टाकी आपली समजतो. दुकानात निळ्या पट्ट्याचा क्लीनर रॅसही दाखवतील, दिसायला सुंदर. घेऊ नका. तो दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो, तुमच्या टाकीत तेवढे नसतात, आणि उपासमारीनं मरतो.

झाकण हवंच. हा मासा उडी मारतो, विशेषतः दिवा एकदम लागला किंवा मालवला की. काचेचं झाकण लावलं तर वाफ कोंडते आणि पंख्याचा सगळा खेळ संपतो. म्हणून ॲल्युमिनियमच्या चौकटीत नायलॉनची मच्छरदाणीची जाळी बसवून घ्या. पंख्याच्या वायरीला कोपऱ्यात खाच ठेवा, पण ती वायरीपुरतीच. बोटभर फटीतूनही तो जातो.

लाइट गेली तर दिव्याची काळजी नको, पाणी हलणं महत्त्वाचं. एअर पंप आणि एक फिरता पंप इन्व्हर्टरवर घ्या; दोन्ही मिळून वीज जेमतेम एका बल्बएवढी खातात. चिलर इन्व्हर्टरवर टाकू नका, बॅटरी लवकर बसेल.

गावाला जाणार असाल तर ज्याच्याकडं किल्ली देता त्याच्यावर माशाला किती खायला घालायचं हे सोडू नका, तो प्रेमानं भरभरून घालतो. गोठवलेल्या कोळंबीच्या छोट्या पुड्या करा, प्रत्येकीवर वार लिहा, एका वारी एकच. काचेवरची पातळीची रेघ आणि आरओचा ड्रम त्याला हात लावून दाखवा. मिठाच्या पाण्याच्या ड्रमच्या झाकणावर मात्र वीट ठेवून जा.